अखेरच्या डावांचा मानकरी

अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत कूपर्सटाउन नांवाचें एक लहानसें गांव आहे. बेसबॉल या खेळांत ज्यांनीं असामान्य कर्तृत्व दाखविलें, त्यांचे धातूचे फलक तेथील कीर्तिमंदिरांत लावलेले आहेत. या मंदिरासाठीं पहिली निवड १९३६ सालीं झाली. त्या वेळीं निवडलेल्या पांच खेळाडूंपैकीं दोघे पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारे होते. पुढें वर्षांमागून वर्षें गेलीं आणि अनेक पिचर त्या मंदिरांत दाखल झाले. परंतु त्यांची ख्याति सामना सुरू करणारे म्हणून होती. डाव मध्येंच अडला असतां मदतीला येणारा, दुसऱ्याच्या हातून बिघडलेलें काम सांवरणारा जो पिचर, त्याला तेथें जागा नव्हती. ती प्रथम मिळाली १९८५ सालीं, आणि ज्याला मिळाली त्याचें नांव हॉइट विल्हेल्म.

आज याच विल्हेल्मची हकीकत आपणांस सांगावयाची आहे. ती एका परदेशी खेळाडूची हकीकत आहे खरी. परंतु तिच्यांत एक प्रश्न असा आहे, कीं तो कोणत्याहि देशांत आणि कोणत्याहि धंद्यांत उद्भवावा. एखादें काम कोणी वर्षानुवर्षें उत्तम रीतीनें करीत असावें, पण हिशेबाच्या वहींत त्या कामासाठीं रकानाच आंखलेला नसावा, तर त्या कामाची आणि तें करणाऱ्याची किंमत कशी ठरावी?

आपल्याकडे क्रिकेट सर्वांच्या परिचयाचें आहे. तेव्हां त्याच्याच आधारानें बेसबॉलची थोडी ओळख करून देतों. पिचर हा साठ फूट सहा इंच अंतरावरून, टप्पा न पाडतां, फलंदाजाकडे चेंडू फेकतो. फलंदाजाच्या मागें कॅचर बसलेला असतो. त्याचें काम आपल्या यष्टिरक्षकासारखें. दोन्ही पक्षांना प्रत्येकीं नऊ डाव मिळतात व तीन गडी बाद झाले कीं एक डाव संपतो. क्रिकेटप्रमाणें षटकागणिक गोलंदाज बदलण्याची रीत तेथें नाहीं. एकच पिचर जमेल तोंवर चेंडू फेकीत राहतो. आणि एकदां का त्याला मैदानाबाहेर काढलें, कीं त्या सामन्यांत त्याला पुन्हां उतरतां येत नाहीं. त्याच्या जागीं जो येतो, तो रिलीफ पिचर. आपली पाळी येईपर्यंत हे मदतनीस मैदानाच्या कडेला बुलपेन नांवाच्या आवारांत बसून राहतात. बहुधा त्यांना बोलावणें येतें तें पहिला पिचर थकलेला असतांना, प्रतिपक्षाचे गडी धांव काढण्याच्या बेतांत असतांना आणि प्रेक्षकांचे श्वास रोखलेले असतांना.

पिचरची योग्यता मोजण्याचें मुख्य माप म्हणजे त्याच्या धांवांची सरासरी. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळें मिळालेल्या धांवा वगळून, दर नऊ डावांमागें त्यानें प्रतिपक्षाला किती धांवा दिल्या, तें या सरासरीवरून कळतें. ती तीनच्या खालीं असली तर पिचर उत्तम समजावा. दोनच्या खालीं असली तर असामान्य. हें माप ध्यानांत ठेवावें, कारण पुढें त्याचा उपयोग पडणार आहे.

या खेळाच्या आरंभकाळीं सुरुवातीच्या पिचरनेंच सामना संपवावा, असा दंडक होता. खेळाडू मोकळेपणानें बदलण्याची मुभा नियमांनीं दिली ती १८९१ सालीं; तरीहि मनांतली समजूत बदलली नाहीं. त्या पिढीचा सर्वश्रेष्ठ पिचर साय यंग यानें ८१५ सामने सुरू केले व त्यांतील ७४९ स्वतःच शेवटास नेले. अशा वातावरणांत बुलपेनमध्यें बसणें म्हणजे एक प्रकारची पदावनतीच होती. तेथें कोण बसे? ज्याचा हात म्हातारा झाला तो, ज्याला अद्याप अनुभव नाहीं तो, किंवा ज्याच्यावर पूर्ण सामन्याचा भार टाकण्यास व्यवस्थापक धजत नाहीं तो. क्वचित् अपवाद झाले. १९२० नंतरच्या दशकांत वॉशिंग्टनच्या फर्पो मार्बेरीनें मदतीचें काम वारंवार व यशस्वी रीतीनें केलें. १९५० सालीं फिलाडेल्फियाचा जिम कॉन्स्टँटी ७४ सामन्यांत मदतीला उतरला व आपल्या लीगचा त्या वर्षाचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. परंतु एका हंगामाची चमक निराळी आणि जन्माचा व्यवसाय निराळा. हें काम जन्मभर करणारा पुरुष अद्याप यावयाचा होता.

हॉइट विल्हेल्म २६ जुलै १९२२ रोजीं नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील हंटर्सव्हिल या गांवीं जन्मला. आईबाप खंडानें जमीन कसणारे शेतकरी, आणि घरांत अकरा भावंडें. शाळेंत असतांना बेसबॉलचा नाद लागला; परंतु आपला चेंडू वेगवान नाहीं हें त्याला लवकरच कळून चुकलें. त्या सुमारास वर्तमानपत्रांत डच लेनर्ड या पिचरचें एक छायाचित्र त्याच्या पाहण्यांत आलें. लेनर्ड हा 'नकल बॉल' नांवाच्या विचित्र चेंडूबद्दल प्रसिद्ध होता, आणि त्या चित्रांत त्याची चेंडूवरील बोटांची पकड स्पष्ट दिसत होती. मुलानें टेनिसचा चेंडू घेतला व चित्रांतल्याप्रमाणें बोटें ठेवून फेकण्याचा अभ्यास सुरू केला. त्याचें सारें गुरुकुल तें एवढेंच.

या चेंडूचें मर्म थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आपले फिरकी गोलंदाज चेंडूला पीळ देऊन वळवितात. नकल बॉलची तऱ्हा याच्या उलट आहे. त्यांत चेंडूला फिरूंच द्यावयाचें नाहीं. तो बोटांच्या टोकांनीं, नखें रोवून धरावयाचा आणि असा सोडावयाचा, कीं फलंदाजापर्यंत जातांना तो जेमतेम एखादी गिरकी घेईल. अशा चेंडूची शिवण वाऱ्याला कधीं एका बाजूनें अडते, कधीं दुसऱ्या बाजूनें. त्यामुळें तो हवेंत डुलत, थबकत, अकस्मात् खालीं पडत जातो. कोठें पडेल हें फलंदाजाला कळत नाहीं, कॅचरला कळत नाहीं आणि फेकणाऱ्यालाहि नक्की सांगतां येत नाहीं. त्याची गति बेताची असते, म्हणून हातावर ताण फारसा येत नाहीं. २०११ च्या विश्वचषकाच्या सामन्यांत आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननें याच नांवाचा संथ चेंडू टाकून कसलेल्या फलंदाजांना चकविल्याचें पुष्कळांना आठवत असेल. झहीरच्या भात्यांत तो अनेकांतला एक बाण होता. विल्हेल्मची मात्र तीच सारी पुंजी होती.

१९४२ सालीं तो मूर्सव्हिल येथील संघांत दाखल झाला. व्यावसायिक बेसबॉलच्या उतरंडींतली ही अगदीं तळाची पायरी. एक हंगाम होतो न होतो, तोंच महायुद्धानें त्याला बोलावून नेलें. १९४४ च्या डिसेंबरांत आर्डेन्सच्या अरण्यांत जर्मन सैन्यानें जो अखेरचा मोठा हल्ला चढविला, त्या लढाईंत तो जखमी झाला. तोफगोळ्याचे तुकडे त्याच्या पाठींत व उजव्या हातांत घुसले. आणि उजवा हात तर त्याचा चेंडू फेकण्याचा. जखमी सैनिकाला मिळणारें 'पर्पल हार्ट' हें पदक त्याला मिळालें. धातूचे तुकडे शरीरांतून पूर्णपणें निघाले नाहींत. ते बाळगूनच तो पुढें खेळला.

१९४६ मध्यें तो पुन्हां त्याच मूर्सव्हिलला, त्याच तळाच्या पायरीवर परत आला. त्या वर्षीं २१ व पुढल्या वर्षीं २० विजय त्याच्या नांवावर लागले. तरीहि वरच्या पायऱ्या चढण्यास आणखी चार हंगाम गेले. इतक्या सावकाश फेकणाऱ्या माणसावर भरंवसा ठेवण्यास कोणी उत्सुक नव्हता. अखेर न्यूयॉर्क जायंट्स संघाचा व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यानें १९५२ च्या एप्रिलांत त्याला पहिल्या प्रतीच्या मैदानावर उतरविलें. त्या वेळीं विल्हेल्मचें वय २९ वर्षांचें होतें. ज्या वयांत पुष्कळ पिचरांचा हात उतरणीला लागतो, त्या वयांत याचा आरंभ झाला.

ड्युरोशरनें त्याला सामना सुरू करावयास दिला नाहीं, बुलपेनमध्यें बसविलें. यांतील हिशेब धूर्तपणाचा होता. पहिल्या पिचरच्या वेगवान चेंडूंवर फलंदाजांची नजर बसलेली असावी आणि शेवटच्या दोनतीन डावांत एकाएकीं हा डुलणारा, संथ चेंडू समोर यावा! त्यांतून याचा हात थकत नसल्यामुळें आज खेळलेला माणूस उद्यांहि खेळूं शकत होता. त्या हंगामांत विल्हेल्म ७१ सामन्यांत उतरला व तोहि प्रत्येक वेळीं दुसऱ्याच्या जागीं. पंधरा विजय, तीन पराभव आणि २.४३ ही सरासरी. ही सरासरी त्या वर्षीं साऱ्या नॅशनल लीगमध्यें सर्वांत कमी होती. सामना सुरू करणाऱ्या भल्याभल्यांना मागें टाकून केवळ मदतीलाच उतरणाऱ्या पिचरनें हा मान मिळविल्याची ती पहिलीच वेळ. एक गंमत येथेंच सांगून टाकतों. पहिल्या प्रतीच्या खेळांत तो प्रथमच फलंदाजीला उभा राहिला, तेव्हां त्यानें चेंडू थेट प्रेक्षकांत टोलविला व होमरन मिळविली. त्यानंतर चारशेंहून अधिक वेळां त्यानें बॅट हातीं धरली, परंतु दुसरी होमरन कांहीं त्याच्या नशिबीं नव्हती.

१९५४ सालीं जायंट्स संघानें क्लीव्हलंडचा सलग चार सामन्यांत पाडाव करून जागतिक अजिंक्यपद पटकावलें. त्यांतील तिसऱ्या सामन्याचा शेवट विल्हेल्मच्या हातून झाला. परंतु त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्याच्या चेंडूची दुसरी बाजूहि दिसून आली होती. रे कॅट हा बिचारा कॅचर एकाच डावांत चार वेळां त्याचा चेंडू अडविण्यास चुकला. निसटलेल्या चेंडूवर प्रतिपक्षाचे गडी पुढें सरकतात. आणि रिलीफ पिचर तर असे गडी पुढें सरकण्याच्या बेतांत असतांनाच बोलाविला जातो. म्हणजे ज्या अस्त्रानें शत्रु मरावयाचा, त्यानेंच केव्हां केव्हां स्वपक्षाचा घात व्हावा! व्यवस्थापकांच्या मनांत संशय शिरला. पुढील दोन हंगाम मध्यम गेले आणि १९५७ च्या आरंभीं जायंट्सनीं त्याला सेंट लुइसला देऊन टाकलें. तेथून तो क्लीव्हलंडला गेला, आणि १९५८ च्या ऑगस्टांत क्लीव्हलंडनें सोडल्यावर बाल्टिमोरला. वय छत्तीस. पुष्कळांना वाटलें असेल, कीं आतां ही कहाणी संपली.

बाल्टिमोरचा व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स यानें एक निराळाच प्रयोग केला. त्यानें विल्हेल्मकडे सामन्याची सुरुवातच सोंपविली. २० सप्टेंबर १९५८ रोजीं न्यूयॉर्क यांकीजशीं गांठ होती. हा संघ त्या वर्षींचा जगज्जेता ठरावयाचा होता. नऊ डाव झाले, आणि त्या बलाढ्य संघाच्या एकाहि फलंदाजाला विल्हेल्मच्या चेंडूवर एकहि यशस्वी फटका मारतां आला नाहीं. सामना बाल्टिमोरनें एका धांवेनें जिंकला. ती एकुलती धांव गस ट्रायँडोस यानें होमरन मारून मिळविली. आणि हा ट्रायँडोस कोण, तर विल्हेल्मचे डुलणारे चेंडू अडवितां अडवितां मेटाकुटीस येणारा त्याचा कॅचरच! पुढल्या, म्हणजे १९५९ च्या हंगामांत मुख्यतः सामने सुरू करून विल्हेल्मनें २.१९ या सरासरीनें अमेरिकन लीगमध्येंहि पहिला क्रमांक मिळविला.

या दोन घटनांचें महत्त्व मला विशेष वाटतें. मदतीचें काम हें कमी योग्यतेच्या माणसाचें काम, ही समजूत येथें साफ खोटी ठरली. सामना सुरू करण्याची कुवत त्याच्या अंगीं पुरेपूर होती. तरीहि तो लवकरच पुन्हां बुलपेनकडे वळला आणि कारकीर्दीच्या अखेरपर्यंत तेंच त्याचें ठिकाण राहिलें. त्याच्या एकूण १०७० सामन्यांपैकीं केवळ ५२ सामने त्यानें सुरू केले. उरलेल्या १०१८ सामन्यांत तो दुसऱ्यानें आरंभिलेल्या कामावर आला.

कॅचरांच्या हालांवर रिचर्ड्सनें उपाय शोधला. नेहमींपेक्षां कितीतरी मोठा असा एक हातमोजा त्यानें बनवून घेतला व १९६० च्या मे महिन्यांत क्लिंट कोर्टनी या कॅचरच्या हातीं दिला. एका माणसाच्या चेंडूसाठीं खेळाचें साहित्य बदलावें लागलें. आणि मोज्याचा आकार फारच वाढूं लागला, तेव्हां १९६५ पासून नियम करून त्यावर मर्यादा घालावी लागली.

१९६३ सालीं विल्हेल्म शिकागो व्हाइट सॉक्स संघांत आला. वय चाळीशीच्या पलीकडे. येथें जें घडलें तें आंकड्यांनींच सांगितलेलें बरें. १९६४ ची सरासरी १.९९, १९६५ ची १.८१, १९६६ ची १.६६, १९६७ ची १.३१, १९६८ ची १.७३. सलग पांच वर्षें दोनच्या खालीं, आणि तींहि वयाच्या बेचाळिसाव्यापासून शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत! त्याहून मला मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. छायाचित्रावरून शिकलेला हा माणूस आतां इतरांचा गुरु झाला. एडी फिशर हा त्याचा सोबती १९६५ सालीं ८२ सामन्यांत मदतीला उतरला. विल्बर वुड १९६७ मध्यें संघांत आला. विल्हेल्मच्या सांगण्यावरून त्यानें सारा भरंवसा नकल बॉलवर टाकला आणि पुढल्याच वर्षीं ८८ सामन्यांत उतरून त्या वेळचा उच्चांक गांठला. आपली विद्या दिली तर आपलीच जागा जाईल, ही भीति बुलपेनमध्यें इतर कोठल्याहि जागेपेक्षां अधिक खरी असते. तरी त्यानें ती दिली.

आतां आरंभीं काढलेल्या हिशेबाच्या वहीकडे वळूं. पिचरच्या नांवावर विजय लिहिला जाई, पराभव लिहिला जाई. परंतु संघ एका धांवेनें पुढें आहे, गडी धांव काढावयास टपले आहेत, अशा वेळीं येऊन ज्यानें ती एक धांव शेवटपर्यंत राखली, त्याच्या नांवावर काय लिहावें? बहुतेक वेळां कांहींच नाहीं. विजय पहिल्या पिचरच्या खात्यावर जाई आणि राखणारा रित्या हातानें घरीं जाई. जेरोम होल्ट्झमन हा शिकागोचा पत्रकार हें पाहत होता. १९६० च्या सुमारास त्यानें एक नवीन माप सुचविलें व अशा राखलेल्या विजयाला 'सेव्ह' म्हणावें असें मांडलें. खेळाच्या अधिकृत नोंदींत हा रकाना आला १९६९ सालीं. त्या वेळीं विल्हेल्मची सतरा वर्षें खेळून झालीं होतीं. मागाहून जुन्या नोंदी तपासण्यांत आल्या, तेव्हां त्याच्या खात्यावर २२८ सेव्ह निघाल्या. ज्या कामाला नांवहि नव्हतें, तें त्यानें आधींच करून ठेवलें होतें.

२४ जुलै १९६८ रोजीं तो आपला ९०७ वा सामना खेळला आणि साय यंगचा ९०६ सामन्यांचा जुना उच्चांक मागें पडला. एकानें सुरू केलेलें काम स्वतःच पुरें करून कीर्ति मिळविली, तर दुसऱ्यानें इतरांचें अर्धवट काम शेवटास नेऊन. १० मे १९७० रोजीं अटलांटा संघाकडून खेळतांना त्यानें हजारावा सामना गांठला. तोंवर कोणत्याहि पिचरनें तो टप्पा पाहिला नव्हता. त्याचा शेवटचा सामना झाला १० जुलै १९७२ रोजीं, लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाकडून. पन्नासावा वाढदिवस त्या वेळीं सोळा दिवसांवर आला होता. एकवीस हंगामांत त्यानें नऊ संघांचे गणवेश घातले. यावरून त्याची गरज किती होती तें दिसतें आणि त्याला सोडून देण्यास कोणास फारसें दुःख होत नव्हतें, हेंहि दिसतें.

कीर्तिमंदिराची निवड बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार मतदानानें करतात व त्यासाठीं चारांत तीन मतें पडावीं लागतात. विल्हेल्मचें नांव १९७८ पासून दरवर्षीं पुढें येई व मागें पडे. १९८४ सालीं तेरा मतें कमी पडलीं. आठव्या खेपेस, १९८५ सालीं, ३९५ पैकीं ३३१ मतें मिळून निवड झाली. त्यानंतर दार मोकळें झालें. १९९२ मध्यें रॉली फिंगर्स गेला, त्याच्यामागून आणखी कित्येक गेले. आणि २०१९ सालीं ६५२ सेव्हचा धनी मारियानो रिव्हेरा हा पहिल्याच खेपेस, सर्वच्या सर्व ४२५ मतांनीं निवडला गेला. एकमतानें निवड होण्याचा मान त्यापूर्वीं कोणाहि खेळाडूला, अगदीं बेब रूथलाहि मिळाला नव्हता. ज्या पदाची ओळख पटवून देण्यास एकाला आठ खेपा घालाव्या लागल्या, त्याच पदासाठीं दुसऱ्याला एकहि मत विरुद्ध पडलें नाहीं. रिव्हेराचा मान कमी करण्याचा यांत हेतु नाहीं. परंतु त्याच्या वाटेवरचे कांटे कोणी वेंचले होते, तें विसरूं नये.

निवृत्तीनंतर विल्हेल्मनें दोन दशकांहून अधिक काळ खालच्या पायरीवरील तरुण पिचरांना शिकविण्यांत घालविला, म्हणजे जेथून तो स्वतः वर आला होता तेथेंच तो परत गेला. २३ ऑगस्ट २००२ रोजीं फ्लॉरिडांतील सॅरासोटा येथें, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं तो निवर्तला.

श्रोतेहो, इतिहास लिहितांना आपण आरंभ करणाऱ्यांची नांवें आवर्जून लिहितों. पाया कोणीं घातला, झेंडा कोणीं रोवला, याची तिथिवार नोंद ठेवतों. मध्येंच येऊन पडतें छप्पर ज्यांनीं सांवरलें, त्यांच्यासाठीं आपल्या वह्यांत रकाना क्वचितच असतो. विल्हेल्मनें त्या रकान्याची मागणी केली असें कोठें दिसत नाहीं. बोलावणें आलें कीं तो कडेच्या आवारांतून उठे, मैदानाच्या मध्यभागीं जाई, नखें रोवून चेंडू धरी आणि फेकी. रकाना आंखणें हें त्याचें काम नव्हतें. तें पाहणारांचें होतें आणि पाहणारांना उशीर झाला. आपापल्या घरांत, कचेरींत, गांवांत असे पुष्कळ मदतनीस आज कामावर असतील. त्यांच्यासाठीं रकाना आंखण्यास आपल्याकडून इतका उशीर होऊं नये, एवढेंच सांगून आपली रजा घेतों.